पट्ट्यातली कुसळं

सरकारी बियाणे प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेकडच्या खिडकीखाली, एक टेबल होतं. टेबलावर पांढरी बशी, बशीवर भिंग, भिंगाशेजारी चिमटा. आणि या तिघांच्या मागे एकतीस वर्षं एकच बाई. खिडकी मुद्दाम उत्तरेची. तिथून ऊन येत नाही, नुसता उजेड येतो; आणि दाण्याची सावली दाण्यावर पडली नाही, तरच दाणा आपला खरा चेहरा दाखवतो.

काम सांगायला सोपं. पेरायच्या बियाण्याचा नमुना पुडीतून यायचा. पुडी फोडायची, दाणे बशीत पसरायचे, आणि एकेक दाणा चिमट्याने सरकवत तीन ढीग करायचे: चांगलं बी, तणाचं बी आणि काडीकचरा. टक्केवारी लिहायची, खाली सही करायची, की पुढची पुडी. एका पुडीत हजारो दाणे, दिवसाला पाच-सहा पुड्या, आणि घाई मात्र कशाचीच नाही. ज्याने मोहरीएवढ्या बीमध्ये अख्खं झाड घडी घालून ठेवलं, त्याचं अक्षर वाचायला बसलेल्या माणसाने घाई करायची नसते. ती बाई असं कधी बोलली नाही. ती नुसती तशी बसायची.

कचेरीत तिला सगळे चिमटाताई म्हणत. शिपाई चहा आणताना म्हणायचा, "ताई, तुमच्या चहात साखर मोजून घातलीय. एक दाणा जास्त पडला तर तुम्ही ‘इतर पदार्थ’ म्हणून लिहाल!" सगळे हसायचे, त्यात ताईही असायची. मात्र हसून झाल्यावर ती एकदा कपात बघायची.

लग्नाच्या वयात तिला एक स्थळ सांगून आलं होतं. माणूस बोलायला बरा, दिसायला बरा, नोकरीत कायम. पाहुणे गेल्यावर आईने विचारलं, "काय गं, कसा वाटला?"

"पंच्याण्णव टक्के चांगला आहे."

"मग आणखी काय हवंय तुला?"

"हवं काही नाही. उरलेले पाच टक्के कशाचे आहेत, ते कळेना."

आईने कपाळावर हात मारून घेतला. पण प्रयोगशाळेचा नियमच तसा होता, आणि तो ताईच्या अंगात मुरला होता: शंका आली, तर दाणा तणाचा धरावा.

ताईहून सहा वर्षांनी थोरली तिची आक्का. आक्का शाळेत भूगोल शिकवायची. तिचा नवरा लवकर गेला, मुलगा शिकून दूर मोठ्या हुद्द्यावर गेला, आणि दोघी बहिणी एका घरात राहू लागल्या. एकाच आईच्या पोटच्या, पण स्वभावाची तऱ्हा पाहा. धाकटी पाहिल्याशिवाय बोलायची नाही. आणि थोरली बोलू लागली, की कुणी न पाहिलेलंही समोर येऊन उभं राहायचं.

आक्काचा एक धडा शाळेत प्रसिद्ध होता. ती फळ्यावर एका दमात अल्बट्रॉस काढायची; पंख फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. "मुलांनो, हा वाऱ्याचा राजा! महिनोन् महिने समुद्रावर तरंगतो, पंख हलवायचीसुद्धा गरज नाही. आणि जमिनीवर उतरताना? धप्प! तोंडावर! दर वेळी!" असं म्हणून ती दोन्ही हात पसरून टेबलावर कोसळायची. वर्ग खदखदून हसायचा. तेहतीस वर्षं हा पक्षी दरवर्षी त्या टेबलावर पडला. एका वर्षी मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "बाई, दर वेळी? तुम्ही पाहिलंय का?"

वर्ग पुन्हा हसला. या वेळी बाईंना. आक्काने त्या मुलीला तासभर वर्गाबाहेर उभं केलं.

मुलगी ते विसरली असेल. आक्का विसरली नाही. पुस्तकात एवढंच होतं, की हा पक्षी उतरताना तोंडावर पडतो. ‘दर वेळी’ हे आक्काचं पदरचं. निवृत्त झाल्यावर, गुडघे कुरकुरू लागल्यावर, डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागल्यावरही ती मधूनच म्हणायची, "मला तो उतरताना बघायचाय. पडतो का नाही पडत, ते माझ्या डोळ्यांनी." माणसाच्या एवढ्याशा आयुष्यात एवढीशी आस, पण आस कधी आकाराने मोजतात का?

मुलाने ते ऐकून ठेवलं होतं. आईला पंच्याहत्तरावं लागलं तेव्हा त्याने दोन तिकिटं पाठवली. ‘मावशीलाही ने. नाहीतर तुला सांभाळेल कोण?’

बोट लहान, नव्वद माणसांची, पण थाट राजवाड्याचा. दूरच्या, माणूस न राहणाऱ्या बेटांजवळ जायचं, रबरी होड्यांतून किनाऱ्यावर उतरायचं, पशुपक्षी बघायचे आणि परत येऊन मऊ गाद्यांवर झोपायचं, असा बेत. खोलीत उशीसाठीसुद्धा कार्ड होतं: मऊ हवी, मध्यम हवी, की कडक? आक्का म्हणाली, "तिन्ही आणा. या वयात डोक्याचा काही भरवसा नाही." ताई मात्र अवघडून गेली. ती रोज सकाळी स्वतःची गादी नीट आवरायची. मग खोली झाडणारी बाई येऊन ती विस्कटायची आणि बोटीच्या पद्धतीने पुन्हा आवरायची. तीन दिवस दोघींचं हे युद्ध चाललं. चौथ्या दिवशी ताई आक्काला म्हणाली, "इथे माणसाला हात कशासाठी दिलेत, तेच कळत नाही."

"टाळ्या वाजवायला," आक्का म्हणाली. "वर चल, पक्षी आलेत."

खरंच आले होते. बोटीमागे मोठे पांढरे पक्षी वाऱ्यावर नुसते टेकले होते. आक्का कठड्याला धरून ओरडत होती, "बघ गं, हलवत नाहीत! पंख हलवत नाहीत! खोटं नव्हते सांगत मी!" उडणं खरं ठरलं होतं. उतरणं राहिलं होतं. ते त्यांच्या घरट्यांच्या बेटावरच दिसणार, आणि त्या बेटावर एकदाच उतरायचं होतं. सहाव्या दिवशी सकाळी, दोन तास.

आदल्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर सगळ्यांना बैठकीच्या दालनात बोलावलं. ज्याने त्याने आपले बूट, जाकिटं, टोप्या, पिशव्या, काठ्या, जे जे बेटावर नेणार ते ते आणायचं. दोरीला चष्मा लटकवलेला एक मध्यमवयीन तपासनीस उभा राहिला.

"बाहेरचं गवत या बेटावर नाही, आणि आपल्यामुळे जाता कामा नये," तो म्हणाला. "शेजारच्या बेटावर कुणाच्या तरी बुटातून एक गवत गेलं. चाळीस वर्षांत ते कमरेइतकं वाढलं. या पक्ष्याला उडण्याआधी धावावं लागतं, विमानासारखं. गवतात धावता येईना. आज त्या बेटावर एकही घरटं नाही. म्हणून शिवण, खिसा, बुटाचा तळ, सगळं बघणार. ज्यात बी सापडेल आणि निघणार नाही, ती वस्तू बोटीवर राहील. कुणाचीही असो."

तो एका जाकिटाच्या बाहीतलं बी उपटू लागला. ताईला राहवेना.

"अहो, तो चिमटा बोथट आहे. बी मोडेल आणि अर्धं आतच राहील."

"मग कसं काढू?"

ताईने पर्स उघडली. कुणाच्या पर्समध्ये कंगवा असतो, तिच्या पर्समध्ये चिमटा असायचा. तिने बी टोकाशी धरलं, अलगद उलटं फिरवलं, आणि ते अख्खं बाहेर आलं. तपासनिसाने तिच्या बोटांकडे पाहिलं, आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि स्वतः ब्रश घेऊन बुटांकडे वळला.

पाच दिवसांत पहिल्यांदा ताईचे खांदे सैल झाले. एकामागून एक जाकिटं येऊ लागली. शेजारच्या खोलीतल्या एका हिऱ्यांच्या व्यापाऱ्याच्या मोज्यांत सात काटेरी बिया निघाल्या. तो हसून म्हणाला, "वा! आम्ही हिरे पारखतो, तुम्ही काटे पारखता!"

"तुमचं काम सोपं आहे," मान वर न करता ताई म्हणाली. "हिरा उगवत नाही."

दालन हसलं. सगळ्यात मोठ्याने आक्का हसली, आणि आपली पिशवी टेबलावर ठेवत म्हणाली, "हा आमचा घरचा माल. डोळे झाकून पास करा!"

ताईने डोळे झाकले नाहीत. टोपी पाहिली, जाकीट पाहिलं, बूट पाहिले. शेवटी गुडघ्याचा पट्टा हातात घेतला. दोन्ही बाजूंना पोलादी पाती, आत जाड मऊ अस्तर, बांधायला वेल्क्रोची रुंद पट्टी. हा पट्टा बांधल्याशिवाय आक्का चार पायऱ्यासुद्धा चढू शकत नव्हती, आणि पक्ष्यांची वसाहत टेकडीच्या माथ्यावर होती.

ताईने वेल्क्रो करकरत उघडली. तिचा हात थांबला.

कुसळं. गवताची, लांब सोंडेची, टोकदार. वेल्क्रोत दहा-बारा. तिने ती काढली. मग अस्तरावरून बोट फिरवलं, आणि बोटाला आत काहीतरी टोचलं. कडेची शिवण तिने इंचभर उसवली. आत आणखी आठ. आणि त्यांच्या पलीकडे, जिथे चिमटा पोचत नव्हता, तिथे किती, ते दिसत नव्हतं.

कुसळाची जातच तशी. ओलं झालं की पीळ सोडतं, सुकलं की पीळ घेतं, आणि असं फिरत फिरत आत शिरतं. कापड जेवढं जास्त धुवावं, तेवढं जास्त आत. आणि हा पट्टा धुतला होता कुणी? निघायच्या आधी दोनदा, स्वच्छ असावा म्हणून, मायेने, हाताने घासून, ताईनेच. वाळत घातला होता कुठे? घरामागच्या गवतावर, कारण तिथे ऊन चांगलं येतं. एकतीस वर्षं परक्यांच्या पुड्या भिंगाखाली तपासणारी बाई आपल्या अंगणाकडे मात्र कधी भिंगातून पाहायला गेली नव्हती.

"काय झालं?" तपासनीस जवळ आला. त्याने पट्टा पाहिला, आक्काचा गुडघा पाहिला, आणि आवाज खाली आणला. "पूर्ण उसवून पुन्हा शिवता येईल?"

"अस्तर काढलं तर पट्टा धरणार नाही."

"उकळून?"

"बी मरेल, पण पट्टाही मरेल. आतला डिंक विरघळेल."

तो तिच्याकडे वाकला. "ताई, मला यातलं तुमच्याएवढं कळत नाही. आत काही उरलं नाही, असं तुम्ही म्हणालात, तर मी जाऊ देतो. तुमच्या शब्दावर."

आक्का बहिणीकडे पाहून हसत होती. तिला वाटलं, झालं काम.

"नाही," ताई म्हणाली.

"नाही म्हणजे?" आक्काने विचारलं.

"आत बी आहे. हा पट्टा जाता कामा नये."

आक्काचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल झाला. "वा गं माझी बाई! लोकांच्या मोज्यांतली कुसळं वेचायला बसली, आणि घरी स्वतः मुसळ वाळत घातलं होतं!" कुणी हसलं नाही. वाक्य संपेपर्यंत आक्काच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं होतं.

संध्याकाळी खोलीत आक्का बहिणीशी बोलत नव्हती. खोली झाडणारी बाई आली तेव्हा तिला म्हणाली, "त्या पलीकडच्या बाईंना सांगा, पडदा ओढला तरी चालेल." ती बिचारी दोघींकडे बघत राहिली. ताईने पडदा ओढला.

"चूक माझी आहे, आक्का. धुतलं मी. वाळत घातलं मी."

"मग ‘काही उरलं नाही’ एवढं म्हणायला काय जात होतं तुझं? पाच-दहा बिया! कोण बघायला येणार होतं?"

"मी बघितल्या होत्या."

"मी तुझी बहीण आहे, पुडी नाही!"

ताई पलंगाच्या कडेला बसून राहिली. थोड्या वेळाने बोटीचा डॉक्टर आला. त्याने नवी कोरी पट्टी आक्काच्या गुडघ्याला घट्ट गुंडाळली, तिला खोलीतून बाहेर आणि बाहेरून खोलीत चालवलं, आणि म्हणाला, "सपाटीवर चालेल. चढावर मी परवानगी देणार नाही. पहिल्या टप्प्यापर्यंत एक सपाट वाट आहे, गुळगुळीत. तिथवर हळूहळू जा. त्याच्या पुढे एक पाऊल नाही."

"आणि तिथून पक्षी उतरताना दिसतात?"

"तिथून टेकडीची पाठ दिसते," डॉक्टर म्हणाला.

सकाळी वारा होता, ऊन होतं. सगळ्यांनी जंतुनाशकाच्या तबकात बूट बुडवले आणि रबरी होड्यांत बसले. किनाऱ्यावर उतरल्यापासून ताईने आक्काचा हात धरला होता. आक्काने तो झिडकारला नाही आणि धरलाही नाही. हात नुसता दिलेला होता. अर्ध्या तासाने पहिला टप्पा आला. फळ्यांचा एक लहानसा चौथरा, त्यावर घडीची खुर्ची. बाकीची मंडळी वाट दाखवणाऱ्या मुलीच्या मागून लाकडी पायऱ्यांवरून वर निघून गेली. टेकडीच्या पलीकडून पक्ष्यांचा आवाज येत होता, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा. डोक्यावरून एक अल्बट्रॉस सावलीसारखा सरकत गेला आणि माथ्याआड दिसेनासा झाला. तो तिथे उतरला असणार. कसा, ते टेकडीला माहीत.

आक्का खुर्चीत बसली. ताई तिच्या पायाशी फळीवर बसली.

मग आक्का म्हणाली, "उठ."

"मी इथेच बसते."

"इथे बसून काय माझ्या गुडघ्याला राखण करणारेस? उठ. वर जा."

"तुला सोडून मला काही बघायचं नाही."

"तुला बघायचं नसेल. मला बघायचंय." आक्काने पहिल्यांदा तिच्याकडे वळून पाहिलं. "त्या हिरेवाल्याला विचारलं, तर तो म्हणेल, अहाहा, काय सांगू! ती वाट दाखवणारी मुलगी पुस्तकातलं सांगेल. आणि मी स्वतः गेले असते ना, तर एक पडला असता आणि मी खाली येऊन दहा पडले म्हणून सांगितलं असतं. मला माहीत नाही का मी कशी आहे ते? तू जा. तुला पदरचं घालता येत नाही, ते काल सगळ्या बोटीने पाहिलं."

ताई उभी राहिली. गुडघ्यावरची धूळ झटकली, आणि चालू लागली.

माथ्यावर गवत बोटभर उंचीचं होतं. त्यात चिखलाच्या उंच गोल घरट्यांवर पांढरे पक्षी बसले होते, आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यावर वरून येणारे उतरत होते. लोक फोटो काढत होते, एकमेकांना हाका मारत होते. ताई एका कडेला उभी राहिली. तिने पर्समधून कागद काढला नाही, भिंग काढलं नाही. पाऊण तास ती नुसती पाहत होती. उत्तरेच्या खिडकीखाली पाहायची तशी, एकेकाला त्याचा पुरता वेळ देऊन. जे समोर येत होतं ते एवढं मोठं होतं, आणि तरी तिला ते दाण्याइतकंच नीट पाहावं लागत होतं.

ती खाली आली तेव्हा आक्का खुर्चीत पुढे सरकून बसली होती.

"पडतात?"

"अकरा उतरले," ताई म्हणाली. "चार तोंडावर पडले. सहा नीट उतरले."

"हे दहा झाले."

"एक उतरताना अडखळला, छातीवर टेकला, पण तोंड वर धरलं. त्याला पडला म्हणायचं की नाही, हे मला ठरवता आलं नाही. तो वेगळा धरलाय."

आक्काने बोटांवर मोजलं. "चार," ती पुटपुटली. "अकरात चार. म्हणजे त्या पोरीला मी उगाच बाहेर उभं केलं."

"हो," ताई म्हणाली.

"‘नाही गं आक्का’ असं म्हणायची रीत असते."

"उगाच केलंस."

आक्काला हसू आलं. आधी ते नाकातून आलं, मग पोटातून, आणि डोळे पुसायला तिला पदर पुरेना. खालून होडीवाल्याने हात करून इशारा केला, की परतायला अजून थोडा वेळ आहे. आक्काने खुर्चीची पाठ मागे केली, पट्टी बांधलेला पाय फळीवर लांब केला आणि डोळे मिटले.

"एकूण नको सांगूस," ती म्हणाली. "एकेक सांग. पहिल्यापासून. पहिला कुठून आला?"

ताई तिच्या शेजारी फळीवर बसली.

"पहिला समुद्राकडून आला," ती म्हणाली. "दोनदा वरून फिरला, उतरला नाही. तिसऱ्या फेरीला पाय खाली सोडले. पाय राखाडी आहेत, आक्का, तू फळ्यावर पिवळे काढायचीस. मग पंख मागे घेतले…"